ससा, उंदीर आणि कोंबडी : कोलेस्टेरॉलवरचे औषध कसे सापडले

हृदयविकारामागे कोलेस्टेरॉल असावे, असा संशय फार लवकर आला होता. १९१० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ विंडाउस यांना रोगट महाधमनीत साचलेल्या थरांत निरोगी धमनीच्या वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल आढळले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत तसेच थर धरले. पण उंदीर आणि कुत्र्यांवर हा प्रयोग फसला. ससा पडला शाकाहारी, त्याचे माणसाला काय लागू, असे म्हणून विषय मागे पडला. खरे तर उंदीर-कुत्रे जादा कोलेस्टेरॉलची झटपट पित्ताम्ले (पित्तातली आम्ले) करून ते निकालात काढतात. रक्तात ते फारसे साचतच नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या लोकांचा अभ्यास सुरू झाला. ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना हृदयविकारही जास्त, हे त्यातून दिसले. तरी जोखीम दिसणे वेगळे आणि ती उतरवता येणे वेगळे. १९६० च्या सुमारास ट्रायपॅरॅनॉल हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध आले, पण १९६२ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कोलेस्टेरॉल बनण्याची अगदी शेवटची पायरी ते अडवत असे. त्यामुळे आधीचा पदार्थ, डेस्मोस्टेरॉल, साचत गेला. रुग्णांना मोतीबिंदू झाले, केस गळले.

म्हणजे कोलेस्टेरॉल बनण्याची साखळी सुरुवातीलाच तोडायला हवी होती. टोकियोत अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे ६,००० बुरश्या व सूक्ष्मजीव चाळले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन हे द्रव्य सापडले, स्टॅटिन नावाच्या औषधांतले पहिले. ते यकृतातले एचएमजी-कोए रिडक्टेस हे सुरुवातीच्या पायरीवरचे विकर (एन्झाइम) अडवते. इथेही उंदरांनी घात केला : औषध पोटात जाताच त्यांचे यकृत तेच विकर कितीतरी पट जास्त बनवू लागले आणि कोलेस्टेरॉल हलेना. मग अंड्यावरच्या कोंबड्या घेतल्या. बलक बनवण्यासाठी त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल मुळातच भरपूर असते. औषधाने ते जवळपास निम्म्यावर आले.

नेमके काय घडते ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या कामातून कळले (नोबेल, १९८५). यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनले की पेशी पृष्ठभागावर एलडीएलचे (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे ‘वाईट’ कण) ग्राहक, म्हणजे ते पकडणारे रिसेप्टर, वाढवतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. १९८७ मध्ये लोवास्टॅटिन या स्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. कोलेस्टेरॉल उतरवून जीव वाचतो का, असे विचारणाऱ्या शंकेखोरांची तोंडे मात्र १९९४ मध्ये बंद झाली : हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले.

मधल्या काळात रक्ततपासणीच्या रिपोर्टवरचा एलडीएलचा आकडाही सोपा झाला होता. १९७२ चे फ्रीडवाल्ड सूत्र : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पूर्ण आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसरी चरबी) पाचवा हिस्सा वजा करायचा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये एकूण २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल १७०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित कोलमडते. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावे.

स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी दुप्पट उतरेल, असे वाटते. उतरते जेमतेम आणखी ६ टक्के. त्यामागचे एक कारण २००३ नंतर उलगडले : स्टॅटिनमुळे पीसीएसके-९ हे प्रथिनही वाढते आणि ते त्याच ग्राहकांचा नाश करते. माणसाचे यकृतही थोडेफार उंदरासारखेच वागते म्हणायचे. ते प्रथिन अडवणारी इंजेक्शने २०१५ मध्ये आली.