कोर्टाचा खर्च ट्रस्टच्या पैशातून करायचा तर : विश्वस्ताचा कलम ३४ खालील अर्ज

खासगी ट्रस्टवर कुणी दावा लावला, की विश्वस्त आधी वकील गाठतात आणि फीचे मागाहून बघू म्हणतात. क्रम उलटा हवा. विश्वस्ताला मुळात मेहनतान्याचा हक्क नसतो. ट्रस्ट डीडमध्ये (ज्या दस्ताने ट्रस्ट स्थापन झाला त्यात) तरतूद असेल किंवा जबाबदारी स्वीकारताना तसे ठरले असेल, तरच तो मिळतो. म्हणजे आधीच लष्कराच्या भाकऱ्या, आणि वर कोर्टाचा खर्चही पदरचा. तो टाळायची सोय भारतीय न्यास (म्हणजे ट्रस्ट) अधिनियम, १८८२ मध्ये आहे : कलम ३४ खाली विश्वस्त दावा न लावता साधा अर्ज करून न्यायालयाकडे सल्ला किंवा निर्देश मागू शकतो. पण या सोयीचा खरा उपयोग पैसे खर्च होण्याआधी होतो.

आधी हक्क काय आहे ते पाहू. कलम ३२ प्रमाणे ट्रस्टचे काम चालवताना, मालमत्ता वसूल करताना किंवा राखताना आणि लाभार्थ्याच्या रक्षणासाठी रास्तपणे केलेला खर्च विश्वस्त ट्रस्टच्या मालमत्तेतून भागवू शकतो. खिशातून केला असेल तर त्या रकमेचा आणि व्याजाचा पहिला बोजा, म्हणजे आधी वसुलीचा हक्क, ट्रस्टच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर राहतो. मात्र खर्चाला न्यायालयाची मंजुरी नसेल, तर हा बोजा फार तर अडवणुकीपुरता उपयोगी पडतो : माझे पैसे दिल्याशिवाय मालमत्तेची विल्हेवाट लावू नका, एवढेच विश्वस्त म्हणू शकतो. ट्रस्टच्या मालकीचे नुसते एक घर असेल आणि ते कुणी विकायलाच काढत नसेल, तर पैसे वर्षानुवर्षे अडकून पडतात. मंजुरी असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. माझ्या मते अर्ज करायला एवढे एक कारण पुरे आहे.

दुसरे कारण इंग्लंडच्या जुन्या निकालात सापडते. १८९३ च्या बेडो प्रकरणात विश्वस्ताने न्यायालयाला न विचारता दावा लढवला आणि तो हरला. पूर्ण खर्च ट्रस्टमधून घ्यायला अपील न्यायालयाने नकार दिला. आधी निर्देश मागायला जितका खर्च आला असता, साधारण तितकाच मान्य झाला. हेतू प्रामाणिक होता, पण विचारायची सोय असताना विचारले नाही, हे त्याला भोवले.

अर्ज कोण करू शकतो? कोणताही विश्वस्त. पण विश्वस्त अनेक असतील तर निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा असतो, त्यामुळे ठराव सर्वांच्या सह्यांनिशी असावा. एखाद्याचा विरोध असेल तर तो लपवू नये, अर्जातच सांगावा. सगळे लाभार्थी सज्ञान आहेत आणि लेखी संमती देत आहेत, असे असेल तर अर्जाची गरज बहुधा पडत नाही. एक जरी वयाने अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेला) असला तरी हा सोपा मार्ग बंद.

प्रश्न कोणता चालतो, याला मात्र मर्यादा आहे. कलम ३४ फक्त व्यवस्थापनाच्या, आज समोर असलेल्या प्रश्नांसाठी आहे. बारीकसारीक तपशिलाचे, गुंतागुंतीचे किंवा फार महत्त्वाचे प्रश्न न्यायालय संक्षिप्त चौकशीत घेत नाही, रीतसर दावा लावा म्हणते. बाहेरच्याने ट्रस्टच्या जमिनीवर अतिक्रमण केले आहे, दावा लावावा का आणि किती खर्च करावा, हा प्रश्न बसतो. जमिनीची मालकीच कुणाची, हा बसत नाही. आणि लाभार्थ्याने तुमच्यावरच अफरातफरीचा आरोप केला असेल, तर त्या बचावाचा खर्च आगाऊ मंजूर होईल ही आशा धरू नका. तो तुमचा स्वतःचा वाद आहे. जिंकलात तर खर्चाचे बघता येईल; आरोप सिद्ध झाला तर खर्चही तुमचाच.

अर्ज मूळ अधिकारितेच्या प्रमुख दिवाणी न्यायालयात, म्हणजे सर्वसाधारणपणे जिल्हा न्यायालयात करायचा. मुंबईसारख्या शहरात उच्च न्यायालयालाही मूळ दिवाणी अधिकार आहेत, तिथे न्यायालय कोणते ते वकिलाकडून पक्के करून घ्यावे.

सोबत ट्रस्ट डीडची प्रत लागते; मालमत्ता स्थावर असेल तर ते नोंदणीकृत असावे. ट्रस्ट मृत्युपत्राने झाला असेल तर मृत्युपत्र, आणि प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) घेतले असल्यास तेही. विश्वस्तांचा ठराव, लाभार्थ्यांची नावे-पत्ते-वये, अज्ञानांचे पालक, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अलीकडचे हिशेब आणि बँक शिल्लक, समोरच्याची नोटीस किंवा दाव्याची प्रत, शपथपत्र आणि वकीलपत्र. यांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे दाव्यात दम किती यावर वकिलाने दिलेले लेखी मत आणि त्याला जोडलेला खर्चाचा अंदाज. चार लाखांच्या वसुलीसाठी सहा लाखांचा खर्च दिसला, तर न्यायालय कपाळाला आठ्या घालणारच. विरोधी पक्ष स्वतः लाभार्थी असेल तर हे मत अर्जाच्या प्रतीसोबत त्याच्या हाती पडता कामा नये. ते वेगळे कसे सादर करायचे हे न्यायालयालाच विचारा.

मागणी मोघम नको. ‘योग्य ते निर्देश द्यावेत’ एवढ्यावर थांबलात तर हाती काही लागत नाही. ‘अमुक दाव्यात साक्षीपुरावा संपेपर्यंत बचाव करावा आणि त्यासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च न्यास निधीतून करावा’, असे लिहा. मग कुणाकुणाला प्रत द्यायची ते न्यायालय ठरवते, ते लोक सुनावणीला येऊ शकतात. या अर्जाचा खर्च कुणी सोसायचा, तेही न्यायालयाच्या मर्जीवर.

निर्देश मिळाले आणि त्याप्रमाणे वागलात, की तुमची जबाबदारी पार पडली असे कायदा धरतो. अट एकच : अर्जात वस्तुस्थिती प्रामाणिकपणे मांडलेली हवी. अडचणीचे पत्र दडवून मिळवलेला आदेश तुम्हाला वाचवत नाही.

देवस्थान, शाळा, दवाखाना असा सार्वजनिक ट्रस्ट असेल तर हा १८८२ चा कायदा लागूच होत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. खटल्यासाठी ट्रस्टच्या नावे कर्ज काढायचे झाले तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते का, ते आधी पाहा.

खासगी ट्रस्टकडे परत येऊन, आदेशानंतरचे थोडेसे. खर्च मंजूर मर्यादेबाहेर जाऊ लागला किंवा प्रकरण अपिलात गेले, तर पुन्हा विचारा. पहिला आदेश तिथवर पुरतोच असे नाही. हिशेबाच्या वहीत ‘वकील फी’ एवढीच नोंद नको. दाव्याचा क्रमांक, तारीख, कोणत्या कामाची फी आणि पावती क्रमांक, चारही लिहा. हिशेब मागायचा हक्क लाभार्थ्यांना आहे आणि पहिली हरकत नेमकी याच ओळीवर येते.