दुर्गम मूलनिवासी वस्त्यांतील बालपुनर्वसन सेवा (कॅनडा)

कॅनडाच्या उत्तरेकडील फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट या मूलनिवासी समाजांच्या वस्त्यांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम), बहिरेपणा, जन्मजात व्यंग किंवा खुंटलेली वाढ असलेली मुले आहेत. त्यांना फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणूनचे उपचार), वाचोपचार, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांसारख्या सेवा व साधने पुरवण्याची व्यवस्था. या व्यवस्थेची चर्चा बहुधा अंतरापासून सुरू होते. प्रत्यक्षात तिचा इतिहास खर्च कोणी उचलायचा या वादाभोवतीच फिरतो.

अंतर अर्थातच खरे आहे. नुनावुत या उत्तरेकडील इन्युइट-बहुल प्रदेशातील 25 वस्त्यांपैकी एकही दुसरीशी रस्त्याने जोडलेली नाही. तिथले मूल ऑटवा, विनिपेग किंवा एडमंटनला विमानाने न्यावे लागते. वायव्य आँटॅरिओ आणि उत्तर मॅनिटोबातील अनेक गावांना तळी गोठली की काही आठवडे बर्फावरचा रस्ता मिळतो, एरवी विमानच. तपासणी एका फेरीत उरकते, पण थेरपी आठवड्यामागून आठवडे करावी लागते. मूल शहरात राहिले तर आईवडिलांपैकी एकाला तिथेच राहावे लागते आणि घरची बाकीची भावंडे इतरांवर सोपवावी लागतात.

पैशाचा पेच 1867 च्या संविधान कायद्यातून आला. ‘इंडियन’ (म्हणजे इथले मूलनिवासी) आणि त्यांच्यासाठी राखीव जमिनी हा विषय या कायद्याने केंद्राकडे दिला, तर रुग्णालये प्रांतांकडे. राखीव क्षेत्राबाहेरच्या मुलाला प्रांताकडून मिळणारी थेरपी आतल्या मुलाने मागितली की दोन्ही सरकारे एकमेकांकडे बोट दाखवत. केंद्राच्या पूरक आरोग्य योजनेत औषधे, चष्मे, दंतोपचार आणि प्रवासखर्च होता, नियमित फिजिओथेरपी मात्र नव्हती. म्हणजे शहरात जाण्याचे विमानभाडे मिळे, गावात येणारा थेरपिस्ट मिळत नसे.

या पेचाला नाव मिळाले ते जॉर्डन रिव्हर अँडरसन या मुलामुळे. तो मॅनिटोबातील नॉर्वे हाउस क्री नेशन या फर्स्ट नेशनचा, जन्म 1999. अनेक व्यंगांमुळे जन्मापासून विनिपेगच्या रुग्णालयात होता. तो दोन वर्षांचा असताना डॉक्टरांनी घरी सोडण्यास संमती दिली, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राचा की प्रांताचा यावर दोन वर्षांहून अधिक काळ घोळ चालला. 2005 मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो रुग्णालयातच वारला. जन्मल्यापासून एक दिवसही तो आपल्या घरी राहिला नव्हता.

डिसेंबर 2007 मध्ये कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ‘जॉर्डनचे तत्त्व’ एकमताने मान्य केले: ज्या सरकारशी प्रथम संपर्क होईल त्याने सेवा द्यावी, हिशेब मागाहून करावा. अंमलबजावणीत मात्र व्याख्या इतकी आवळली गेली की तीत कोणतेच मूल बसेना. एकापेक्षा अधिक व्यंगे असली पाहिजेत आणि दोन सरकारांत वादही झाला पाहिजे, अशा अटी होत्या. दोन्ही सरकारांनी मिळून नकार दिला तर वाद नाही, आणि वाद नाही म्हणून तत्त्व लागू नाही! राखून ठेवलेला निधी कोणाच्याही वाट्याला गेला नाही. नोव्हा स्कोशातील पिक्टू लँडिंग वस्तीच्या प्रकरणात संघीय न्यायालयाने 2013 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला.

सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या नेतृत्वाखालील फर्स्ट नेशन्स बाल व कुटुंब संस्थेने असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या राष्ट्रीय संघटनेच्या साथीने 2007 मध्येच मानवाधिकार आयोगाकडे तक्रार केली होती; ती पुढे मानवाधिकार न्यायाधिकरणापुढे गेली. जानेवारी 2016 मध्ये न्यायाधिकरणाने केंद्र सरकारला वांशिक भेदभावाबद्दल दोषी ठरवले आणि जॉर्डनचे तत्त्व पूर्ण अर्थाने राबवण्यास सांगितले. 2017 च्या आदेशांनी मुदती घातल्या: एका मुलासाठीची तातडीची मागणी 12 तासांत, साधी 48 तासांत निकालात काढायची. इन्युइट मुलांसाठी वेगळा उपक्रम सुरू झाला. 2023 मध्ये संघीय न्यायालयाने 23 अब्ज डॉलरहून अधिक भरपाईच्या समझोत्याला मंजुरी दिली. त्यात बालकल्याण सेवांतील भेदभावाने बाधित झालेली मुले व कुटुंबेही आली.

पैसा आला तेव्हा थेरपिस्टांची टंचाई ठळक झाली. ते अजूनही बहुतेक दक्षिणेतल्या शहरांत राहतात आणि ठरावीक दिवसांसाठी विमानाने येतात. मधल्या काळात व्यायाम चालू ठेवायला गावातलीच कोणी प्रशिक्षित सहायक असली, तर फेरी सार्थकी लागते. व्हिडिओवरील सल्ला उपयोगी पडतो, पण इंटरनेट सगळीकडे धड नाही. शिवाय इंग्रजीभाषक मुलांवर बेतलेल्या भाषाचाचण्या क्री किंवा इनुक्टिटुट बोलणाऱ्या मुलाला नाहक ‘मागे’ ठरवू शकतात. निवासी शाळांनी (मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळा) आणि बालकल्याण खात्याने पिढ्यान्‌पिढ्या मुले उचलून नेल्यामुळे ‘माझ्या मुलाला मदत हवी’ हे अनोळखी अधिकाऱ्यापुढे बोलायला काही पालक आजही कचरतात.

मुदती पाळल्या जात नाहीत अशा तक्रारी वाढल्या आणि थकीत अर्ज निकाली काढण्याचा आदेश न्यायाधिकरणाला 2024 मध्ये पुन्हा द्यावा लागला. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने मंजुरीचे निकष कडक केले. त्यात राखीव क्षेत्राबाहेरच्या शाळांतील सेवांच्या मागण्यांवर मर्यादा आली.