कागदी अक्रोड पेरला की कागदीच येतो?

कागदी म्हणजे पातळ कवचाचा अक्रोड. 'कागदी अक्रोड पेरा, कागदीच झाड येईल' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे. अक्रोडाची नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, पण बहुधा मागेपुढे उमलतात. त्यामुळे पराग वाऱ्यावर शेजारच्या झाडाकडून येतो. आई माहीत, बापाचा पत्ता नाही! एकाच झाडाखालच्या बियांतून कुठलं पातळ कवचाचं, तर कुठलं हातोडीशिवाय न फुटणारं फळ देणारं झाड निघतं. ते कळायला आठ-दहा वर्षं जातात.

काश्मीरमधली जुनी झाडं बहुतेक अशी बियांपासूनच वाढलेली. म्हणून ती सरसकट तोडून कलमं लावा, हा सल्लाही तितकाच घातक. श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेनं आपले वाण याच सरमिसळीतून निवडले. झाड निवडताना बघायचं काय? गर फळाच्या वजनाच्या निम्मा तरी हवा, फिका हवा, अख्खा सुटायला हवा. पालवी उशिरा फुटणारं झाड उत्तम, कारण लवकर फुटणाऱ्याचा मोहर वसंतातल्या थंडीच्या कडाक्यात करपतो. शेंड्याबरोबर बाजूच्या डोळ्यांवरही फळ धरणारं झाड तर हातचं सोडूच नये. नोंदी मात्र तीन-चार हंगामांच्या हव्यात.

निवडलेलं झाड जसंच्या तसं हवं तर कलमच. खुंट म्हणजे खालचं मुळांचं रोप आणि त्यावर बसवलेली फांदी यांचा जोड भरायला सुमारे 27 अंश सेल्सिअस ऊब लागते. 20च्या खाली तो जेमतेम भरतो, म्हणून पॉलिहाउस. खुंटातून रस गळत राहिला तरी जोड सुटतो. जोडाच्या खाली छोटा छेद देऊन रसाला वाट द्यावी.