मागचा डिस्क ब्रेक धरून राहतोय: बिघाड पेडलजवळ की चाकाजवळ?

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना किंवा इगतपुरी सोडून कसारा घाटात शिरल्यावर मोटरसायकलच्या मागच्या चाकातून जळका वास येतो, ॲक्सिलरेटर देऊनही गाडी ओढत नाही, थांबून पाहावं तर डिस्कला हात लावता येत नाही. गॅरेजमध्ये याला एकच नाव आहे, ब्रेक जाम. आणि बऱ्याचदा पहिला उपायही ठरलेला असतो: पॅड बदला. पण एकाच नावाखाली इथे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि पॅड या दोन्हींचं मूळ नाही.

पहिल्या बिघाडात पेडल सोडल्यावरही ब्रेक ऑइलचा दाब लाइनमध्ये अडकून राहतो. याचा उगम बहुधा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या भागात असतो. दुसऱ्यात दाब व्यवस्थित उतरलेला असतो, पण कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजाने आणि चिखलाने अडकल्यामुळे पॅड डिस्कला सोडत नाहीत. चाक दोन्हीत जडच फिरतं. लागणारं सुट्या भागांचं किट मात्र वेगळं, आणि चुकीचं किट बसवलं तर पैसेही जातात आणि ब्रेकही धरून राहतो.

त्याआधी ब्रेकच दोषी आहे ना, ते बघून घ्यावं. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने टांगून ठेवा (नळीवर लोंबकळू देऊ नका) आणि चाक हाताने फिरवा. तरीही जड फिरत असेल तर चेन फार ताणलेली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. कॅलिपर उतरलेला असताना पेडलला पाय लागू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

आता निकाल लावणारी चाचणी. ती ब्रेक धरलेला असतानाच करायची. गाडी थंड होऊन चाक सुटल्यावर तिचा काही उपयोग नाही. कॅलिपरच्या एअर निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा. निपल बहुतेक गाड्यांना ८ नंबरचा असतो. रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने कडा झिजतात. पेडल न दाबता निपल पाव फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब अडकला होता. ऑइल नुसतं ओघळलं आणि चाक तसंच जड राहिलं, तर अडकलाय तो कॅलिपर. ऑइल थांबायच्या आत निपल बंद करा, म्हणजे हवा आत जाणार नाही. डिस्क तापलेली असते, तेव्हा हातमोजे घाला. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उतरतो.

लक्षणांवरूनही अंदाज बांधता येतो. दाब अडकत असेल तर गाडी घरून निघताना ठीक असते. काही किलोमीटर गेल्यावर पेडल वर येतं, कडक होतं, त्यातला मोकळा खेळ नाहीसा होतो. अर्धा तास उभी केली की सगळं पूर्ववत. कॅलिपर अडकला असेल तर चाक सकाळी थंड असतानाही घासत असतं, पेडल मात्र नेहमीसारखंच लागतं, आणि पॅड काढून बघितले तर एक जास्त झिजलेला किंवा तिरका झिजलेला दिसतो.

दाबाचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या टाकीकडे उघडणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण सुटलं की पिस्टनचा रबरी कप या छिद्राच्या मागे जातो, छिद्र उघडं पडतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. हे छिद्र जुन्या ऑइलच्या गाळाने बुजलं, किंवा कप पूर्ण मागे न जाता त्याच्यावरच थांबला, की ऑइलला जायला वाट राहत नाही. पॅड किंचित घासतात, त्याने ऑइल तापतं, फुगतं, पॅड आणखी दाबतात, आणखी तापतं. थंड असताना बरी असलेली गाडी घाटात जाम होते ती यामुळेच.

कप मागे न जाण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पुशरॉडची, म्हणजे पेडलपासून पिस्टनला ढकलणाऱ्या रॉडची, चुकलेली सेटिंग. पायाला सोयीचं पडावं म्हणून कोणीतरी रॉड फिरवून पेडलची उंची बदलतं आणि रॉड गरजेपेक्षा लांब राहतो. पेडल पूर्ण सुटलेलं असताना रॉड बोटांनी हलवला तर साधारण १ मिलिमीटर खेळ लागायला हवा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. खेळ नसेल तर लॉकनट सैल करून रॉड थोडा आखूड करा. तेवढ्याने चाक सुटलं तर एकही पार्ट विकत घ्यायची गरज नाही. पेडलची पिनही बघा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने तिचं ग्रीस धुऊन जातं, पिन गंजते, आणि पेडल वर आल्यासारखं दिसलं तरी पूर्ण आलेलं नसतं.

हे ठीक असेल तर टाकीचं झाकण उघडा आणि पेडल हाताने अगदी हळू दाबा. हालचालीच्या सुरुवातीलाच ऑइलमध्ये बारीक उसळी दिसली पाहिजे. टाकी वेगळी असून नळीने जोडलेली असेल तर उसळी पुसट दिसते, म्हणून बारीक लक्ष ठेवा. काहीच हललं नाही तर मास्टर सिलिंडर उघडायलाच हवा. छिद्र तारेच्या एका मऊ, बारीक धाग्याने साफ करा. ड्रिलने मोठं केलं तर सिलिंडर बाद. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ओरखडे नसतील तर पिस्टन, कप आणि स्प्रिंगचं किट पुरतं. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं तर कोणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल किंवा तसलंच खनिज तेल ओतलं आहे. मग कप, सील, नळी असं लाइनमधलं सगळं रबर बदलावं लागतं, थोडक्यात भागत नाही.

निपल उघडल्यावर दाब सुटला, पण मास्टर सिलिंडरकडचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) सैल केल्यावर सुटला नाही, तर मधली नळी आतून फुगून एकमार्गी झाली आहे. मागच्या चाकालाही एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर संशय त्याच्या युनिटवरही जातो. १२५ सीसीवरच्या अनेक गाड्यांना फक्त पुढे एबीएस असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. बँजो उघडला की वॉशर नवे घाला आणि लाइनमधली हवा काढा.

आता कॅलिपर. त्र्यंबक रस्त्यावरचं पावसाळी पाणी आणि निफाड-दिंडोरीच्या बागांमधला काळा चिखल हे त्याचे खरे शत्रू. चिखल रबरी बूटमधून शिरून पिनांवर वाळतो. पिना काढा, पॉलिश पेपरने गंज उतरवा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चेसिस ग्रीस लावलं तर बूट फुगतात आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात.

पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. चौकोनी सील दाबाखाली किंचित वाकतो आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतो. सीलच्या खाचेत पांढरा क्षार साठला की सील आवळून बसतो आणि हे काम होत नाही. म्हणून किट घालताना खाच लाकडी काडीने खरवडून साफ करा. नुसता नवा सील टाकून उपयोग नाही. जोडताना स्वच्छ ब्रेक ऑइल लावा. पेट्रोल, डिझेल सीलजवळ आणू नका. पॅड बदलून ब्रेक का बिघडतो तेही इथेच कळतं: पॅड झिजत गेले तसा पिस्टनचा बाहेर राहिलेला भाग गंजलेला असतो, आणि जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलताना तोच भाग सीलमध्ये घुसतो. आधी पिस्टन पुसा, मग ढकला, आणि टाकीतलं ऑइल खुणेच्या वर गेलं तर सिरिंजने काढा.

ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. ताज्या डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्यासाठी मानकातली किमान मर्यादा १५५ अंश आहे. जाम झालेला ब्रेक एवढं तापमान सहज गाठतो, आणि मग कडक पेडल अचानक पोकळ होतं. पॅडवर चकाकी आली असेल किंवा डिस्क निळी पडली असेल तर तीही तपासून घ्या.

घाटातच ब्रेक धरला तर डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. गाडी कडेला घेऊन थंड होऊ द्या, पुशरॉड आखूड करून पाहा आणि मागच्या ब्रेकला पाय न लावता पुढचा ब्रेक आणि खालचा गिअर यांवर हळू उतरा. दुरुस्ती झाल्यावर पेडल जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो. चाक एक-दोन फेरे मोकळं फिरलं पाहिजे. मग १० किलोमीटर मागचा ब्रेक न वापरता चालवून डिस्कजवळ हात धरा. धग लागली तर निपलची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा.