परकीय व्यापार क्षेत्र आणि मोटार उद्योगातलं सीमाशुल्क (अमेरिका)

परकीय व्यापार क्षेत्र म्हणजे अमेरिकेच्याच जमिनीवर असलेली पण सीमाशुल्काच्या हिशोबात देशाबाहेर धरलेली जागा. ती बंदरालगतचं गोदाम असू शकते, नाहीतर समुद्रापासून लांब ओहायोत मक्याच्या शेतांमध्ये उभा असलेला अख्खा मोटार कारखानाही. पोलीस, कामगार कायदे, किमान वेतन सगळं अमेरिकेचंच लागू, फक्त कस्टम्सपुरता तो परदेश. आत आलेल्या परदेशी मालावर लगेच ड्यूटी लागत नाही, तो तिथून बाहेर पडून अमेरिकन बाजारात शिरला की लागते, आणि परस्पर निर्यात झाला तर सहसा लागतच नाही (कॅनडा-मेक्सिकोचा अपवाद खाली). मराठीत याला सर्रास मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात, पण त्यातून दोन देशांमधल्या मुक्त व्यापार कराराशी गल्लत होते म्हणून इथे 'परकीय' हाच शब्द ठेवलाय. कायद्याच्या नावातही 'मुक्त' नाहीये.

उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक थेट इ.स.पू. १६६ च्या सुमाराच्या ग्रीसच्या डेलॉस बेटापर्यंत मागे जातात, ते जरा ओढूनताणून वाटतं. जास्त प्रचलित मत हॅम्बुर्गचं, तिथलं मुक्त बंदर १८८८ पासून चाललं आणि २०१३ च्या सुरुवातीला बंद झालं. तिसरं मत असं की अमेरिकेत निर्यातीवर ड्यूटी परत द्यायची सोय १७८९ पासून आणि बॉण्डेड गोदामं, म्हणजे ड्यूटी न भरता आयात माल ठेवायची गोदामं, १८४६ पासून होतीच, १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने दर भयानक वाढवल्यावर या जुन्या सोयी कटकटीच्या आणि अपुऱ्या वाटायला लागल्या आणि त्यातून नवा कायदा आला. मोटारींपुरतं बोलायचं तर हे तिसरं मत जास्त पटतं. कारण हॅम्बुर्गच्या मुक्त बंदरात कारखानदारी चालायची, जहाजबांधणीसुद्धा, आणि ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर यांनी पुढे रेटलेला १९३४ चा कायदा मात्र क्षेत्रात उत्पादन करायला सरळ मनाई करत होता. म्हणजे हॅम्बुर्गची नक्कल केली म्हणावी तर नेमका कारखानाच वगळला. पहिलं क्षेत्र न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर १९३७ मध्ये सुरू झालं, तिथे माल उतरवायचा, निवडायचा, पुन्हा बांधायचा, एवढंच.

उत्पादनाची मनाई १९५० च्या बॉग्ज दुरुस्तीने उठली. १९५२ मध्ये ही क्षेत्रं मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाने उपक्षेत्राची सोय केली, म्हणजे कंपनीने क्षेत्रात जायच्या ऐवजी क्षेत्रच कंपनीच्या कारखान्यावर जाऊन बसतं. मोटार उद्योगासाठी खरी किल्ली ही, कारण असेंब्ली प्लांट उचलून कोणी बंदरावर नेत नसतं. तरी जवळजवळ पंचवीस वर्षं कार कंपन्या इकडे फिरकल्या नाहीत. १९७० मध्ये आर्मको स्टील खटल्यात अपील कोर्टाने आयात पोलादापासून बार्ज (सपाट मालवाहू नावा) बांधणाऱ्या उपक्षेत्राला मान्यता दिली, आणि १९८० मध्ये कस्टम्सने ठरवलं की क्षेत्रात झालेली अमेरिकन मजुरी, ओव्हरहेड आणि नफा करपात्र किमतीत धरायचा नाही. या दोन्हीपैकी कशाने दार उघडलं यावरही लिहिणाऱ्यांचे दोन तट आहेत. खटल्याला मान जास्त मिळतो, पण हिशोब मांडला तर १९८० चा निर्णय वजनदार दिसतो, कारण त्याआधी अमेरिकन कामगाराच्या पगारावरसुद्धा ड्यूटी लागू शकत होती, मग उपक्षेत्र घेऊन फायदा काय राहिला?

हिशोब असा. अमेरिकेत आयात होणाऱ्या तयार प्रवासी गाडीवरचा सर्वसाधारण दर २.५ टक्के आणि बऱ्याच सुट्या भागांवर त्याहून जास्त. कच्च्यावर जास्त, पक्क्यावर कमी, यालाच उलटी शुल्करचना म्हणतात (आपल्याकडे बजेटच्या दिवशी हा शब्द कानावर पडतोच). उदाहरणादाखल, हजार डॉलरच्या परदेशी भागावर ४ टक्के दर असेल तर बंदरावरच ४० डॉलर भरायचे. तोच भाग उपक्षेत्रात नेऊन गाडीत बसवला की कस्टम्स त्याला गाडी म्हणून बघतं, २५ डॉलर. गाडीतल्या अमेरिकन भागांवर शून्य. एका भागामागे पंधराच डॉलर, पण प्लांटमधून वर्षाला लाखो गाड्या निघतात. शिवाय पैसे गाडी गेटबाहेर पडेपर्यंत भरायचे नाहीत, भंगारात गेलेल्या भागांवर भरायचे नाहीत, आणि आठवड्याभराच्या सगळ्या गाड्यांची एकच एंट्री (कस्टम्सकडची आयात नोंद) करता येते. या एंट्रीमागची प्रक्रिया फी ०.३४६४ टक्के असली तरी तिला वरची मर्यादा आहे, त्यामुळे बिलं एकत्र केली की तिथेही बरीच बचत होते.

यात माल कोणत्या दर्जाने आत घ्यायचा हे ठरवावं लागतं. 'प्रिव्हिलेज्ड' म्हणून घेतला तर भागाचा दर आत शिरतानाच गोठतो, पुढे त्याचं काहीही बनवा. 'नॉन-प्रिव्हिलेज्ड' घेतला तर बाहेर पडताना जी वस्तू असेल तिचा दर. कारसाठी दुसरा सोयीचा, ट्रकसाठी मात्र उलटं, कारण हलक्या ट्रकवर २५ टक्के ड्यूटी आहे, म्हणजे भाग भाग म्हणूनच गोठवलेला बरा. हा २५ टक्क्यांचा दर १९६३ च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या कराचा बदला म्हणून लावला, लोक त्याला अजून चिकन टॅक्स म्हणतात. कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं, ट्रकवरचा कर तसाच.

त्या करात सापडलेल्या फोक्सवॅगनचंच नाव सुरुवातीच्या मोटार उपक्षेत्रांत हमखास येतं. कंपनीने पेनसिल्व्हेनियात वेस्टमोरलंडला १९७८ मध्ये रॅबिट ही छोटी कार बनवायला सुरुवात केली, कारखाना १९८८ मध्ये बंद पडला. होंडाने १९८२ मध्ये ओहायोत मेरीझव्हिलला आणि निसानने १९८३ मध्ये टेनेसीत स्मर्नाला गाड्या काढायला सुरुवात केली. त्या दशकात डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकन, मोटार कंपन्यांनीही उपक्षेत्रं घेतली, हे विसरलं जातं. भाग बनवणारे अमेरिकन कारखानदार साहजिकच चिडले, त्यांचं म्हणणं की ही परदेशी भागांना दिलेली सवलत आहे. समर्थक म्हणाले की असेंब्ली तरी देशात राहते, नाहीतर अख्खी गाडीच २.५ टक्क्यांत जहाजातून आली असती. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८४ मध्ये नोंदवलं की क्षेत्रांच्या वाढीचा फायदा प्रामुख्याने देशातच विकायला माल आणणाऱ्यांना होतोय. कायद्याचा मूळ हेतू पुनर्निर्यातीचा होता हे लक्षात घेतलं तर हे निरीक्षण पचायला जड जातं.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधल्या नाफ्टा या मुक्त व्यापार कराराने एक वाट बंद केली: १९९६ पासून कॅनडाला आणि २००१ पासून मेक्सिकोला निर्यात होणाऱ्या मालातल्या बाहेरच्या देशांच्या भागांवरची ड्यूटी पूर्ण सोडणं थांबलं. मोठा धक्का नंतरचा. २०१८ च्या पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवरच्या जादा करांच्या वेळी असा माल क्षेत्रात 'प्रिव्हिलेज्ड' दर्जानेच घ्यायची सक्ती झाली, आणि २०२५ मध्ये गाड्यांवर एप्रिलपासून आणि भागांवर मेपासून २५ टक्के कर आला तेव्हाही तीच अट होती. म्हणजे या करांपुरता दर निवडायचा खेळ संपला, ड्यूटी लांबवायची सोय उरली.

भारतात हे गणित बसत नाही. मुंबईत सांताक्रूझचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ पासून आहे, २००५ चा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) कायदाही आहे, पण सेझमधून देशात आलेल्या मालावर तयार वस्तू आयात केल्यासारखीच ड्यूटी लागते, आणि आपल्याकडे तयार गाडीचा दर बराच काळ ६० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात होता तर सुट्या संचाचा, म्हणजे सीकेडीचा, साधारण १५. गाडी देशात विकायची असेल तर ती सेझमध्ये जोडणं आतबट्ट्याचा धंदा, म्हणून महागड्या परदेशी गाड्या चाकणला वगैरे साध्या कारखान्यात संच आणून जोडल्या जातात. आणि वाद होतात ते संच कशाला म्हणायचं आणि सुटा भाग कशाला, यावर.