आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थिनी आणि स्तनाचा कर्करोग: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

नर्सिंगच्या किंवा वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थिनींचं स्तनाच्या कर्करोगाबद्दल सर्वेक्षण झालं, की एक प्रश्न हमखास असतो: दर महिन्याला स्वतःच्या स्तनांची हाताने तपासणी करता का? बहुतेक जणींना ती माहीत असते, नेमाने करणाऱ्या थोड्या निघतात आणि ‘जागरूकता अपुरी’ असा शेरा बसतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो.

मासिक स्व-तपासणीचा प्रचार १९५०च्या सुमारास अमेरिकेत जोमाने सुरू झाला. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, तेव्हा सर्रास होत नव्हती आणि गाठ बऱ्याचदा फार उशिरा लक्षात यायची. बाईनेच ती लवकर शोधावी, हा सल्ला रास्त होता. त्याने जीव वाचतात का, याची कसोटी मात्र कितीतरी उशिरा लागली. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ स्त्रियांवर १९८९ पासून प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्व-तपासणी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा उजळणीही घेतली. निकाल २००२ मध्ये आला: शिकवलेल्या गटात या आजाराने १३५ मृत्यू, दुसऱ्या गटात १३१. निरुपद्रवी गाठींसाठी सुईने नमुने काढणं आणि शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. त्यानंतर मासिक तपासणीचा आग्रह बऱ्याच ठिकाणी मागे पडला. आपल्या स्तनांची नेहमीची ठेवण ओळखीची असावी आणि बदल दिसला की लगेच दाखवावं, एवढ्यावर भर आला.

दुसरी वाट मुंबईत दिसली. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजार आधीच्या टप्प्यावर सापडल्याचं दिसलं आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकलेल्या हातांनी हे घडलं. केंद्र सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनीही तिशीपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सुचवली.

ती करणार कोण? आज विशीत असलेली हीच विद्यार्थिनी, उद्या उपकेंद्रात किंवा वॉर्डात. २०२२च्या अंदाजानुसार भारतात या आजाराचे वर्षाला सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आणि ९८,००० मृत्यू होतात, आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरी दहा-एक वर्षं आधी गाठतो. म्हणून तिला विचारायचं ते हे: स्तन तपासायला कुणी तुला हात धरून शिकवलं का? बगलेतली गाठ चाचपता येते का? बत्तीस वर्षांची बाई ‘दुखत नाही, म्हणून आले नव्हते’ म्हणाली, तर तिला त्याच आठवड्यात कुठे पाठवशील?