सेल्माचा पूल आणि शेरीफची मतदारयादी

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या सेल्मा शहरात ७ मार्च १९६५ च्या रविवारी ‘पोलिसांचा संयम सुटला’ असं आजही कुणी लिहितं, तेव्हा वाईट वाटतं. संयम सुटावा असं तिथे काही घडलंच नव्हतं. जॉन लुईस आणि होजिया विल्यम्स यांच्या मागे कृष्णवर्णीयांसाठी मतदानाचा हक्क मागणारे सुमारे ६०० मोर्चेकरी दोन-दोनच्या रांगेत, पदपथावरून एडमंड पेटस पूल उतरत होते. समोर राज्य पोलीस रस्ता अडवून उभे. मेजर जॉन क्लाउड यांनी पांगायला दोन मिनिटं दिली. ती संपायच्या आतच लाठ्या चालल्या. मग अश्रुधूर, मग घोडेस्वार. लुईस यांच्या कवटीला तडा गेला. मोर्चातल्या अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध होऊन रस्त्यावरच पडल्या. मोर्चाला बंदी घातली होती ती खुद्द गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी.

त्याआधी १८ फेब्रुवारीला जवळच्या मॅरियन गावात मोर्चावर लाठीमार झाला, तेव्हा २६ वर्षांच्या जिमी ली जॅक्सनवर एका पोलिसाने गोळी झाडली. आठ दिवसांनी तो गेला. त्या पोलिसाला शिक्षा झाली २०१० साली, तीही सहा महिन्यांची.

पुलावरचे घोडेस्वार होते शेरीफ जिम क्लार्क यांचे. शेरीफ हे मुंबईतल्यासारखं नुसतं मानाचं पद नव्हे. तिकडे तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलिसांचा प्रमुख, आणि मतदारांनी निवडून दिलेला. सेल्मा ज्या डलास काउंटीत येतं, तिथे निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय. मतदारयादीत मात्र त्यांच्यातले शंभरी दोन-तीन. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडं, त्यात अडवणुकीची परीक्षा. ज्यांच्या मतांवर आपली खुर्ची नाही, त्यांच्यावर लाठी उगारताना क्लार्क यांना भीती कुणाची?

सगळीकडे लाठीच चालली असं नाही. जॉर्जियातल्या ऑल्बनीत १९६१-६२ मध्ये पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी शेकडो आंदोलकांना शांतपणे उचललं आणि आसपासच्या तुरुंगांत पाठवलं. वर्तमानपत्रांना मारहाणीची छायाचित्रं मिळाली नाहीत, आंदोलन थंडावलं. त्या सौजन्याचं कौतुक मला करवत नाही, कारण हक्क तिथेही नाकारलेच गेले.

सेल्माची दृश्यं मात्र त्याच रात्री देशभर टीव्हीवर दिसली. पुढे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. १९६६ च्या निवडणुकीत नव्या कृष्णवर्णीय मतदारांनी क्लार्क यांना घरी बसवलं.